फुंकणीचा भाव

दोन हजार अडतीसच्या जूनमध्ये थाळीचा भाव साठावरून नव्वद रुपये करावा लागला, तेव्हा पद्मजा येमुल तीन दिवस मुलांच्या नजरेला नजर देऊ शकली नाही.

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यांमागच्या वस्तीत ज्ञानांकुर विद्यालय होतं आणि तिथलं स्वयंपाकघर पद्मजा चौदा वर्षं चालवत होती. आठवीपर्यंतच्या मुलांना सरकारी जेवण फुकट मिळे. नववीत गेलं की मूल तेच, पोट तेच, पण जेवण विकतचं. तूरडाळ दोन वर्षांत दुप्पट झाली होती, तेलाचा डबा तर हात लावू देत नव्हता. नव्वदच्या खाली थाळी परवडत नव्हती, आणि नव्वदला ती घ्यायला नववी ते बारावीच्या चारशे मुलांतली जेमतेम सव्वाशे येत होती. बाकीची मधल्या सुट्टीत नळावर पाणी पीत आणि घोळका करून मोठमोठ्यानं गप्पा मारत. भुकेलेलं पोर गप्प बसत नाही, जास्तच बोलतं, हे पद्मजाला ठाऊक होतं.

मुख्याध्यापक मुजावर सरांनी गरजू मुलांची यादी करायला घेतली होती. पण उत्पन्नाचे दाखले बघितले तर अख्ख्या शाळेचं उत्पन्न एकाच माणसानं लिहिल्यासारखं. शिवाय ज्यांना खरोखर गरज होती ती मुलं ‘सवलतीची रांग’ म्हटलं की त्या बाजूला फिरकत नसत.

अशात पुण्याहून डॉ. सलील कुरणे आले. पस्तिशीचा, किडकिडीत, बोलताना सतत चष्मा पुसणारा माणूस. काही कंपन्यांनी मिळून ‘अन्नपूरक निधी’ उभा केला होता, त्यासाठी त्यांनी जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र बनवलं होतं. एका बाजूला फुंकायची नळी, वर छोटा पडदा.

“मॅडम, सकाळी काय खाल्लंत?” त्यांनी विचारलं.

“उपमा. का?”

“फुंका.”

पद्मजानं फुंकलं. पडद्यावर शून्य पूर्णांक सात आलं. मुजावर सरांची त्या दिवशी रक्ततपासणी होती, म्हणून ते आदल्या संध्याकाळपासून उपाशी होते. त्यांनी फुंकल्यावर आकडा आला तीन पूर्णांक चार.

“आम्ही काही बोललो नाही, तरी यंत्राला कळलं,” कुरणे म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. जेवल्यानंतर काही तास शरीर साखरेवर चालतं. थोडी साखर यकृतात शिल्लक ठेवलेली असते. तीही संपत आली की शरीर चरबी जाळायला घेतं, आणि त्यातून ॲसिटोन नावाचं द्रव्य तयार होतं. नेलपॉलिश पुसायच्या बाटलीत असतं तेच. ते रक्तातून फुप्फुसात येतं आणि श्वासावाटे बाहेर पडतं. हवेच्या दहा लाख कणांत त्याचे दोन-तीन कण, इतकं कमी, की नाकाला पत्ता लागत नाही. यंत्रात एका धातूच्या ऑक्साइडचा तापवलेला पापुद्रा होता. त्या पापुद्र्यावर ॲसिटोनचे कण आले की त्यातून वाहणारी वीज बदलायची आणि तो बदल आकडा होऊन पडद्यावर दिसायचा. अंगात साठा कमी असलेल्या वाढत्या मुलांमध्ये हा आकडा मोठ्यांपेक्षा लवकर चढतो, असंही ते म्हणाले.

“जो जितका उपाशी, त्याला थाळी तितकी स्वस्त. वरचे पैसे निधी भरणार. कुणाला किती लागले हे फक्त त्या मुलाच्या कार्डावर दिसेल, शेजारच्यालाही कळणार नाही. दाखल्यावर माणूस खोटं लिहितो मॅडम, श्वासावर नाही लिहिता येत.”

पद्मजाला ते पटलं. नुसतं पटलं नाही, तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. कोणत्या आकड्याला किती भाव हे कुरणेंनी तिलाच ठरवायला सांगितलं. दोन दिवस बसून तिनं तक्ता केला. एकच्या खाली नव्वद रुपये, दोनपर्यंत साठ, तीनपर्यंत पस्तीस, आणि तीनच्या वर पंधरा.

मुलांनी पहिल्याच दिवशी यंत्राचं नाव फुंकणी ठेवलं. महिन्याभरात थाळ्या सव्वाशेवरून तीनशे दहावर गेल्या. स्वयंपाकात चाळीस वर्षं घालवलेल्या कस्तुराबाई भाताचं मोठं पातेलं माळ्यावरून उतरवून घेताना म्हणाल्या, “मॅडम, ह्यो ठोका पडलेला टोप मी परत बघंन असं वाटलं नव्हतं.” नळावरच्या गप्पा थांबल्या. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर पद्मजाचा सत्कार झाला आणि तिला तो मनापासून आवडला.

सप्टेंबरात एक गोष्ट तिच्या लक्षात आली. सकाळी दहाच्या सुट्टीत पाच रुपयांत चहा आणि दोन बिस्किटं मिळत. तिथं आता कुणी येईना. बरण्यांतली बिस्किटं मऊ पडू लागली. आणि एकच्या घंटेआधी काही मुलं जिना पाच-पाच वेळा चढउतार करताना दिसू लागली. तिला वाटलं, खेळत असतील.

मग एका मंगळवारी प्रयोगशाळेत दहावीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. उचलून स्वयंपाकघरात आणली तेव्हा पद्मजानं पाहिलं, तिची भाचीच. धाकट्या भावाची, नरहरीची मुलगी, भार्गवी. ओठ पांढरे पडले होते, तळहात थंडगार.

पद्मजानं गूळ-शेंगदाणे तिच्या पुढ्यात धरले. “घे. हळूहळू चाव.”

भार्गवीनं मान वळवली. “आता नको आत्या.”

“अगं, घे म्हणते ना.”

“किती वाजले?”

“सव्वाबारा. का?”

“पाऊणच तास राहिलाय. एक वाजता फुंकायचंय.” मग आत्याचा चेहरा बघून ती घाईनं म्हणाली, “काल रात्री लवकर जेवले मी. आज नक्की तीनच्या वर जाईल. आता गूळ खाल्ला तर पस्तीस पडतील. जिना चढले की थोडं वाढतं, पण गुळानं लगेच उतरतं. सगळ्यांना माहितीये.”

पद्मजानं गुळाची वाटी खाली ठेवली. “सगळ्यांना म्हणजे?”

“सगळ्यांना.”

संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली. नरहरी मागावर काम करत होता. विजेचे दर वाढल्यापासून कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालत होता. त्यानं बहिणीला पाट दिला, पाणी दिलं, आणि तिनं विषय काढताच खाली बघितलं.

“मी नाही सांगितलं तिला उपाशी राहा म्हणून.”

“पण माहीत होतं तुला.”

“होतं.” त्यानं पिठाचा डबा उघडून तळ दाखवला. “अक्का, सकाळी भाकरी खाल्ली तर शाळेत नव्वद. नाही खाल्ली तर पंधरा, आणि भाकरीचं पीठही वाचतं. पोरगी स्वतःच हिशोब करते. मी तिला काय सांगू? खा म्हणू? कशानं खा म्हणू?”

“चक्कर येऊन पडली ती आज, नरहरी.”

“भाव तूच ठरवलास ना?” तो रागानं बोलला नव्हता, खरंच विचारत होता. पद्मजा पाणी न पिताच उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं मुजावर सरांना सगळं सांगितलं आणि कुरणेंशी बोलणं लावून घेतलं. कुरणेंचा चेहरा भिंतीवरच्या पडद्यावर आला. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

“सकाळी फुकट नाश्ता सुरू करू या,” पद्मजा म्हणाली. “मग कुणाला उपाशी राहावंच लागणार नाही.”

“मॅडम, निधी मोजलेल्या भुकेवर पैसे देतो. आकडे खाली आले की पुढच्या सत्राची रक्कम खाली येईल. नाश्ता दिलात तर दुपारची थाळी जाईल.”

“मग यंत्र बंद करा. सगळ्यांना एकच भाव.”

“तो किती येईल?” मुजावर सरांनी विचारलं.

पद्मजानं हिशोबाची वही त्यांच्यापुढं सरकवली. तिनं ते आधीच काढलं होतं. जूनपासून सगळं आणखी वर गेलं होतं, आता एकशे दहाच्या खाली थाळी बसत नव्हती.

“एक करता येईल,” कुरणे म्हणाले. “मुद्दाम उपाशी राहणारी मुलं वेगळी काढता येतील. सोमवारचे आकडे, सुट्टीनंतरचे आकडे, जिना चढल्यावर वाढणारा श्वासाचा वेग, सगळं ताडून बघता येतं. यादी आली की तुम्ही मान्यता द्यायची. त्यांना पूर्ण भाव लागेल.”

“आणि घरात पीठच नाही म्हणून उपाशी आलेलं पोर?”

“ते यादीत येऊ नये असं बघू.”

“कसं बघाल? भाव वाचवायला उपाशी राहिलेली आणि पीठ वाचवायला उपाशी राहिलेली, भार्गवी दोन्हींत आहे. श्वास एकच आहे तिचा.”

कुरणेंनी पुन्हा चष्मा काढून पुसला. तो माणूस वाईट नव्हता, हेच पद्मजाला जास्त जड गेलं. वाईट असता तर भांडता आलं असतं.

यादीला तिनं मान्यता दिली नाही, आणि त्याच आठवड्यात आयुष्यातली पहिली लबाडी केली. यंत्र रोज सकाळी स्वच्छ हवा ओढून स्वतःला शून्यावर आणत असे. त्यानंतर तिनं बाजूच्या हवेच्या छिद्राशी कापसाची एक वात लपवली आणि तिच्यावर नेलपॉलिश पुसायच्या बाटलीतला अर्धा थेंब टाकला. नळीपासून ते लांब होतं, मुलांच्या नाकातोंडात जाणार नव्हतं. पहिल्या मुलानं फुंकलं, चार आलं. दुसऱ्यानं, चार. तिनं वर्गावर्गांत जाऊन सांगितलं, “उद्यापासून सकाळी खाऊन या. भाव वाढणार नाही. का ते विचारू नका.” दहाच्या सुट्टीत पुन्हा बिस्किटं खपू लागली.

पण अर्धा थेंब तासाभरात उडून जाई. रांगेत पुढं असणाऱ्यांना पंधरा रुपये, शेवटच्यांना साठ. जास्त टाकावा तर आकडा इतका चढे की पुण्यात शंका आली असती. म्हणजे रांगेत कुणी पुढं उभं राहायचं हे रोज पद्मजालाच ठरवावं लागू लागलं. दाखला नाही, यंत्र नाही. पोरांच्या चपला बघून, दप्तरं बघून, डोळे बघून. ‘तू पुढं ये, तू मागं जा.’ मागं गेलेलं पोर तिच्याकडं असं बघे, की तिला जेवण जात नसे. लोकांनी बोट दाखवू नये म्हणून भार्गवीला तिनं कायम शेवटी ठेवलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस एकदा तिनं शेवटच्या दहा मुलांच्या वेळी मुद्दाम वात काढून घेतली. नऊ जणांचा आकडा एकच्या आत आला. भार्गवीचा आला तीन पूर्णांक दोन.

“तू सकाळी खाऊन येत नाहीस?”

“शेवटी उभं राहिलं की साठ लागतात, आत्या,” भार्गवी हळू आवाजात म्हणाली. “म्हणून मी जुन्याच पद्धतीनं येते.”

त्याच आठवड्यात कुरणेंचा आनंदानं भरलेला निरोप आला. बारा शाळांमध्ये यंत्रं बसवली होती, त्यांत ज्ञानांकुरमधली भूक सर्वांत जास्त निघाली होती. इतकी लपलेली भूक यंत्राशिवाय कधीच सापडली नसती, असं निधीच्या विश्वस्तांचं मत झालं होतं. आता जिल्ह्यातल्या आणखी साठ शाळांना यंत्र मिळणार होतं, आणि तिथल्या स्वयंपाकघरांच्या प्रमुखांना पद्मजा येमुल प्रशिक्षण देणार होत्या.

पद्मजानं तो निरोप उभ्यानं वाचला आणि खाली बसली. तिच्या खोट्या आकड्यांवर साठ शाळा उभ्या राहणार होत्या. तिथली मुलं खरीखुरी उपाशी राहणार होती. खरं सांगावं तर इथली तीनशे दहा मुलं उद्यापासून नळावर.

प्रशिक्षण शाळेच्या सभागृहात झालं. बार्शी, करमाळा, मंगळवेढा, कुठून कुठून बायका आल्या होत्या. बहुतेकींच्या हाताला हळदीचा डाग. मागच्या खुर्चीवर कुरणे, शेजारी मुजावर सर. पद्मजानं यंत्र शून्यावर कसं आणायचं ते दाखवलं, नळी कशी उकळायची ते दाखवलं. पापुद्र्याची काळजी, कार्डं, तक्ता.

मंगळवेढ्याहून आलेली एक थोराड बाई उठली. “मॅडम, एक इचारू का? आमची पोरं सकाळी घरनं ज्वारीची भाकरी खाऊन येत्यात. ह्ये यंत्र बसल्यावर बी खाऊनच येतील न्हवं?”

साठ जणी बघत होत्या. कुरणे हसऱ्या चेहऱ्यानं बघत होते. काही न बोलता पुढच्या पानावर जाता आलं असतं. पद्मजानं नळी टेबलावर ठेवली.

“नाही येणार,” ती म्हणाली.

आणि मग तिनं सगळं सांगितलं. मऊ पडलेली बिस्किटं, जिना, गूळ. कापसाची वातही. “आमच्या शाळेतला एकही आकडा खरा नाही. मी खोटे केलेत. खरे होते तेव्हा पोरं पडत होती.”

मंगळवेढ्याची बाई खाली बसली आणि तिनं पुढ्यातलं यंत्र दोन्ही हातांनी थोडं लांब सरकवलं.

कुरणे पुढं आले. रागावले नव्हते, त्यांचा चेहरा उतरला होता. “मग भाव कसा ठरवायचा?” त्यांनी विचारलं. “तुम्हीच सांगा ना मॅडम. तुम्हाला दुसरा मार्ग दिसतोय का?”

“नाही दिसत,” पद्मजा म्हणाली.

साठ शाळांचा बेत थांबला. ज्ञानांकुरमधलं यंत्र चार दिवसांत काढून नेलं आणि निधी बंद झाला. चौकशी व्हायची होती, तोवर पद्मजाला कामावर ठेवावं असं मुजावर सरांनी व्यवस्थापनाला लिहून दिलं, कारण दुसरं कुणी ते स्वयंपाकघर घ्यायला तयार नव्हतं. सोमवारपासून सगळ्यांना एकच भाव लागला, एकशे दहा.

त्या सकाळी कस्तुराबाईंनी विचारलं, “किती घालू तांदूळ?”

“रोजच्याएवढा.”

“घेणार कोण?”

“घाला तुम्ही.”

ब्याऐंशी मुलांनी थाळी घेतली. बाकीचा भात आणि सांबार पातेल्यांत तसंच. नियमाप्रमाणं दीडनंतर उरलेलं अन्न वाटून टाकता येत होतं. दीडला पद्मजानं दार उघडून नळावरच्या मुलांना हाक मारली. ती आधी आली नाहीत. मग एक आला, मग दहा, मग सगळीच.

मंगळवारी एकला फक्त एकतीस मुलांनी थाळी घेतली. दोनशे सत्तर मुलं बाहेरच्या ओट्यावर शांत बसून दीड वाजायची वाट बघत होती. त्यांच्यात भार्गवीही होती, मांडीवर दोन्ही हात ठेवून. कालपर्यंत ज्यांना परवडत होतं तीही तिथंच होती. पद्मजानं खिडकीतून ते पाहिलं. फुंकणी गेली होती, पण भाव होता तोवर मुलं त्याच्याभोवती आपलं पोट असंच वळवून घेणार होती. आधी पाच तास, आता अर्धा तास.

बुधवारी तिनं एक वाजताच दार सताड उघडलं. पैसे घ्यायच्या खिडकीला कडी लावली.

पहिल्या पंगतीत भार्गवी होती. तिनं पानात भात घेतला, आत्याकडं बघितलं आणि विचारलं, “सकाळी भाकरी खाल्ली तरी चालेल ना उद्या?”

“चालेल. दोन खा.”

मुजावर सर धावतपळत आले. पंगतीकडं बघून ते दारातच थांबले. कोठीत जाऊन पोती मोजून आलेले असावेत, कारण त्यांच्या कोपरावर पीठ लागलं होतं.

“अकरा दिवस पुरेल एवढंच आहे,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

“मीही मोजलंय, सर.”

“आणि बाराव्या दिवशी?”

पद्मजानं पदरानं कपाळ पुसलं. बाराव्या दिवशी कोठी रिकामी असेल, चौकशीचा कागद आलेला असेल, आणि ही सगळी मुलं याच वेळी याच दारात उभी असतील, हे तिला लख्ख दिसत होतं. त्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं.

“ठाऊक नाही,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या पंगतीला वाढायला वळली.